एकमताने

माइकवर बोललेलं वाक्य परत गिळता येत नाही, हे पोतनीसांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ज्यांच्या हातात कायम माइक असायचा, त्या गोपीनाथरावांनाच ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुबईतल्या मराठी मंडळाच्या संक्रांत समारंभात त्यांनी ते वाक्य बोलून टाकलं, आणि शनिवारी सकाळपासून करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधला फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. दुबईत लोकल फोन फुकट. त्यामुळे राग काढताना कुणाला हात आखडता घ्यायचं कारण नव्हतं. त्यांची सून विभावरी एका कडेवर पोरीला आणि दुसऱ्या खांद्यात रिसीव्हर घेऊन सगळ्यांना एकच सांगत होती, बाबा फॅक्टरीत गेलेत, आले की सांगते. पलीकडून लोक म्हणत, सांगायचं काय त्यात, त्यांना सगळं माहीतच असतं.

झालं होतं ते असं. मंडळाने त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये लहान पोरांचं सामुदायिक बोरन्हाण ठेवलं होतं. विभावरीची लेक पाच महिन्यांची, काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, कपाळावर हलव्याचीच बिंदी. हार तोंडात घालायचा तिचा प्रयत्न चालला होता. चुरमुरे होते, चॉकलेटं होती, तिळाच्या रेवड्या होत्या. बोरं तेवढी नव्हती. बोरन्हाणात बोरंच नाहीत म्हणून बायका हसत होत्या, आणि त्याच वेळी हॉलच्या काचेच्या दाराबाहेर विभावरीचा धाकटा भाऊ शार्दूल बोरांनी भरलेली पिशवी घेऊन उभा होता.

तो फुजैराहून आला होता. तिथे तेलाच्या टर्मिनलवर त्याची नोकरी, एका खोलीत सहा जण. पहाटे शेअर टॅक्सी पकडून, डोंगर ओलांडून, मसाफीच्या रस्त्याकडेच्या बाजारात उतरून त्याने भाचीसाठी इथली गावठी बोरं घेतली होती. दाराशी मंडळाचे स्वयंसेवक बसले होते. त्यांनी त्याला काचेवरचा बोर्ड दाखवला. फॅमिलीज ओन्ली. शार्दूल म्हणाला, माझी बहीण आत आहे. ते म्हणाले, सगळेच असं सांगतात.

स्टेजवरून गोपीनाथरावांना तो दिसला. सुनेचा भाऊ, हातात पिशवी, नाक जवळजवळ काचेला टेकलेलं, आणि त्याच्या छातीच्या उंचीवर तो बोर्ड. नऊ वर्षांपूर्वी अध्यक्ष झाल्या झाल्या गोपीनाथरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगवलेला. ते आभार मानत होते. मधेच थांबले. मग त्यांचा तो भरदार आवाज हॉलभर गेला.

"येत्या पाडव्यापासून मंडळाचं दार बॅचलर मंडळींनाही उघडं राहील. सभासद म्हणून, मताच्या अधिकारासकट. कमिटीने एकमताने ठरवलंय."

मागच्या खुर्च्यांतून टाळ्या आल्या. पहिल्या रांगेत कमिटी बसली होती. तिथे कुणाचेही हात हलले नाहीत. कारण कमिटीने असं काहीच ठरवलं नव्हतं. कमिटीसमोर तो विषयसुद्धा आला नव्हता.

शार्दूलला आत घेतलं गेलं. त्याने बोरं ओतली, पोरगी दचकली, मग हसली, आणि विभावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तिने खाली वाकून बोरं वेचायचं निमित्त केलं. वाकल्यावर तिला पहिल्या रांगेतले पाय दिसले. त्यातली तपकिरी सँडल सर्वांत आधी उठून चालायला लागली. ती संग्रामकाकांची होती.

संग्राम म्हणजे गोपीनाथरावांचा धाकटा भाऊ आणि मंडळाचा सेक्रेटरी. हमरिया फ्री झोनमध्ये दोघांचा मिळून मसाल्याच्या पॅकिंगचा कारखाना, आणि करामात दोघांची घरं समोरासमोर, मधे एक गल्ली. रोज संध्याकाळी दोघे आपापल्या बाल्कनीत चहा घेऊन उभे राहत आणि गल्लीवरून बोलत. खालचा केरळी चहावाला म्हणायचा, रेडिओ लावायची गरजच पडत नाही. शनिवारपासून संग्रामच्या बाल्कनीचा पडदा ओढलेला होता.

कारखान्यातही तोच प्रकार. विभावरीचा नवरा कुणाल दोघांच्या टेबलांच्या मधल्या टेबलावर बसायचा. तो घरी येऊन सांगत होता, दिवसभर माझा टपालखात्यासारखा वापर झाला. बाबा म्हणतात, काकांना विचार हळदीचा कंटेनर सुटला का. काका तिथेच, चार हातांवर. ते म्हणतात, दादांना सांग, इन्शाल्ला उद्या. "मी म्हटलं, यल्ला, चला, दोघांनी एकमेकांकडे बघा तरी. तर दोघांनी माझ्याकडेच बघितलं."

रविवारी संग्रामने कमिटीची विशेष बैठक बोलावली. गुरुवार संध्याकाळ, विषय एकच: अध्यक्षांची घोषणा. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे विशेष बैठक अध्यक्षांच्या घरी व्हायची आणि खाणंपिणं अध्यक्षांकडून. म्हणजे ज्यांना गोपीनाथरावांना खाली खेचायचं होतं, त्यांना आधी त्यांच्याच बायकोच्या, सविताबाईंच्या हातचं खावं लागणार होतं. सविताबाईंनी हे ऐकल्या ऐकल्या साबुदाणा भिजवण्याचा विचार रद्द केला आणि वालाची उसळ करायचं ठरवलं. संग्रामला वालाची उसळ प्राणांहून प्रिय होती.

शार्दूलचा फोन सोमवारी आला. त्याच्या मागे कुणीतरी हिंदीत भांडत होतं, पंख्याचा आवाज होता. गप्पा झाल्या, भाची काय करते वगैरे झालं. मग तो म्हणाला, "ताई, एक विचारू? तिकडे काहीतरी गडबड झाली आहे म्हणे. मला आत घेतलं ते पुन्हा बाहेर काढण्यासाठी असेल तर आत्ताच सांग. एकदा काचेबाहेर उभा राहिलो. दुसऱ्यांदा नाही राहणार."

विभावरीने त्याला काहीबाही सांगून गप्प केलं. तिला या देशात येऊन दोन वर्षं झाली होती. तिचं म्हणावं असं माणूस इथे एकच होतं, आणि ते दोन तासांवर, डोंगरापलीकडे, सहा जणांच्या खोलीत. लेकीचं उष्टावण पाडव्यानंतर. पहिला खिरीचा घास मामाने भरवायचा असतो. शार्दूलचा स्वभाव तिला माहीत होता. तो एकदा रुसला की समजूत काढायला रुसलेली जागा तरी सापडावी लागते.

रात्री पोरीला झोपवताना ती तिच्या कानाशी पुटपुटली, "आभा, ए आभा, मामा येईल ना गं?"

पोरीचं नाव आभा नव्हतं. पत्रिकेत, पासपोर्टवर, सगळीकडे पर्णिका होतं. आभा हे विभावरीच्या मनातलं नाव. बारशाच्या दिवशी ते ती सांगणार होती. पण पाळण्याभोवती बायका जमतात न जमतात तोच सासऱ्यांनी घसा साफ करून जाहीर केलं होतं, आमच्या नातीचं नाव पर्णिका, घरातल्या सगळ्यांनी एकमताने ठरवलंय. नाव वाईट नव्हतं. म्हणून तर काही बोलता आलं नाही. तेव्हापासून दुपारी घर निजलं की ती पोरीला तिच्या दुसऱ्या नावाने हाक मारायची, आणि पोरगी दोन्ही नावांना सारखीच हसायची.

बुधवारी रात्री जेवताना सविताबाईंनी विषय काढला. विभावरी पोळ्या वाढत होती.

"अहो, उद्या सात जण बसणार. त्यातले तुम्ही एक. बाकी सहा जणांकडे फोन आहे. एकेकाला विचारून घ्या."

"काय विचारू?"

"त्यांना काय वाटतं ते."

गोपीनाथरावांनी घास तसाच हातात धरला. ते म्हणाले, मी अध्यक्ष आहे, दारोदार मतं मागत फिरू का. लोकांनी माझी घोषणा ऐकली, टाळ्या दिल्या. लोक माझ्या बाजूला असतील तर कमिटी काय करणार.

"लोकांनी टाळ्या दिल्या, मत नाही दिलं," सविताबाई म्हणाल्या. "मत कमिटीत देतात. आणि अमेरिकेच्या अध्यक्षालासुद्धा आधी तिथल्या चार लोकांना चहा पाजावा लागतो म्हणे, मग टीव्हीवर येऊन बोलता येतं. कुणाल सांगत होता."

कुणाल ताटात बघत राहिला.

जेवण झाल्यावर गोपीनाथराव फोनशी जाऊन बसले. मग त्यांनी विष्णू खोतांना लावला. विष्णू खोत काँट्रॅक्टिंगमधलं बडं प्रस्थ. त्यांच्या कॅम्पवर कोकणातली चाळीसेक मुलं कामाला. गोपीनाथराव त्यांच्याशी हवेबद्दल बोलले, खोतांच्या गुडघ्याबद्दल बोलले, सिमेंटच्या भावाबद्दल बोलले, आणि "बरंय मग, उद्या भेटूच" म्हणून ठेवून दिला. मग समोरच्या घरी लावला. तो संग्रामच्या दहा वर्षांच्या उर्वीने उचलला. तिचं उत्तर इथपर्यंत ऐकू आलं: "पप्पा इज हिअर, बट ही इज अँग्री." गोपीनाथराव म्हणाले, बरं बाळा, झोप आता.

विभावरीला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाबांना विचारायला कमीपणा वाटत नाही. त्यांना विचारता येतच नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी वडील गेले, पाठीवर भावंडं, आणि तेव्हापासून हा माणूस आधी ठरवत आणि मग सांगत आला. विचारायचा अवयवच कधी वापरला गेला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी दिवाणखान्यात सतरंजी अंथरली गेली. खोत गुडघ्यामुळे सोफ्यावर. दाताचे डॉक्टर, बँकेतले एक सद्गृहस्थ, मनी एक्स्चेंजमधला एक तरुण, असे तिघे भिंतीशी. संग्राम दारासमोर, मांडीवर फाइल. त्याच्या शेजारी नाही, मुद्दाम पलीकडे, त्याची बायको सुहासिनी. महिला विभागाची प्रमुख म्हणून ती कमिटीत होती, आणि बैठकीत ती नवऱ्याला "सेक्रेटरीसाहेब" म्हणायची.

उसळ खाऊन झाली. संग्रामने ती दुसऱ्यांदा घेतली नाही, यावरून सविताबाईंनी स्वयंपाकघरात मान हलवली. प्रकरण गंभीर होतं. विभावरी पोरीला घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

पहिल्यांदा खोत बोलले. आडपडदा न ठेवता बोलले. म्हणाले, पोरं माझीच आहेत, मला त्यांचा राग नाही. पण उद्या माझाच फोरमन सभेत उभा राहून मला हिशेब विचारील, आणि परवा साइटवर मी त्याला ओरडायचं. हे जमायचं नाही. शिवाय हॉल पंधराशे दिरहमचा, म्हणजे आपले सतरा हजार, त्यात मावतात अडीचशे. बँकवाल्यांनी मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, बायकामुली मोकळेपणी येतात त्या येणार नाहीत. एक्स्चेंजमधला तरुण म्हणाला की मी लग्न होईपर्यंत चार वर्षं त्याच दारावरून परत जात होतो, मी घोषणेच्या बाजूचा. तेवढं बोलून तो घाबरून पाणी प्यायला.

गोपीनाथरावांच्या कोटाच्या खिशात राजीनामा होता; विभावरीने तो दुपारी इस्त्री करताना बघून पुन्हा ठेवला होता.

मग संग्रामने फाइल मिटली.

"दादा, मला बॅचलर लोकांबद्दल काही बोलायचं नाही. मला 'एकमताने' याबद्दल बोलायचंय."

"बोल."

"माझं लग्न तू एकमताने ठरवलंस. मी तेव्हा इथे होतो, तू सुट्टीला गावी गेलेलास, मला तार आली. हमरियाला कारखाना हलवायचं एकमताने ठरलं, मला जागा दाखवायला नेलंस तेव्हा पाटी लागलेली होती. मी सेक्रेटरी झालो तेही एकमताने. मी कधी विरोध केला नाही, कारण तुझं बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण दादा, त्या एका मतात माझं मत कुठे असतं रे?"

पोरगी मोठ्याने "आ" म्हणाली.

सुहासिनीने पदर सावरला. "लग्नाचं एकमत अगदीच वाया गेलेलं नाही, सेक्रेटरीसाहेब."

खोत खो-खो हसले, डॉक्टर हसले, आणि संग्रामलाही ओठ दाबून धरावे लागले. ती पुढे म्हणाली, "पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे, दादा. आणि माझाही एक आहे. यांनी लग्नाआधी सहा वर्षं इथे काढली ना, तेव्हा रोज रात्री हे सविता वहिनींच्या हातचं जेवले. तेव्हा हे कुठल्या फॅमिलीत होते? वहिनींच्याच. कुणी दारावर अडवलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं, हा पोतनीसांकडचा. मग तसंच करू. एकेक बॅचलर एकेका घराशी जोडायचा. त्याने त्या घराबरोबर यायचं, त्या घराच्या पंगतीला बसायचं, त्याचं बरंवाईट त्या घराने बघायचं. वर्षभर आला की सभासद, मतासकट. बायकांना मी समजावते. निम्म्या जणींचे भाऊ नाहीतर दीर याच देशात एकटे राहतात."

दाराशी उभ्या विभावरीचा हात पोरीच्या पाठीवर थांबला. हे असं इतक्या सोप्या शब्दांत कुणी मांडेल, असं तिला वाटलं नव्हतं. खोतांनी तरीही मान हलवली. वर्षभराने काय आणि आत्ता काय, म्हणाले, मत ते मतच.

सगळे गोपीनाथरावांकडे बघायला लागले. एरवी या टप्प्यावर ते घसा साफ करायचे. आताही त्यांनी केला. सविताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. गोपीनाथरावांचा हात खिशाकडे गेला, तिथून परत आला, आणि ते खुर्चीतल्या खुर्चीत भावाकडे वळले.

"संग्राम, तुला काय वाटतं?"

एवढंच. पुढे काही नाही. त्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं नाही, "म्हणजे माझं असं म्हणणं आहे की" असंही जोडलं नाही. वाट बघत राहिले.

आणि संग्रामला काही सुचेना. इतकी वर्षं तक्रार तोंडपाठ होती, मत कधी तयारच करावं लागलं नव्हतं. तो उठला. म्हणाला, मला जरा विचार करू द्या. आणि बाल्कनीत गेला.

चहा आला, कपांवर साय धरली. डॉक्टर सतरंजीची नक्षी बघत बसले. बाल्कनीत संग्राम पाठमोरा उभा होता. समोर गल्लीपलीकडे त्याचीच बाल्कनी, तिचा पडदा ओढलेला. दादाला गेले पाच दिवस काय दिसत असेल, ते त्याला आता दिसत होतं. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. राग गेला होता असं नाही. पण रागाला बसायला जागा मिळाली होती.

"मला सुहासिनीचं पटतं," तो म्हणाला. "माझं मत होय. पण एक अट. चूक माइकवर झाली, तर दुरुस्तीही माइकवर. फोनवर नाही, कानात नाही."

"कबूल," गोपीनाथराव म्हणाले. खूप हळू म्हणाले.

हात वर झाले. दोघे भाऊ, सुहासिनी, आणि एक्स्चेंजमधला तरुण. विरोधात खोत, डॉक्टर, बँकवाले. खोतांनी आपला विरोधातला हात खाली घेता घेता सांगून टाकलं, मत माझं विरोधातच लिहा, सेक्रेटरी. पण पाडव्याला कॅम्पवरच्या पोरांना आणायला बस माझी जाईल. ती पोरं उन्हात रस्त्यावर टॅक्सी शोधत उभी राहिलेली मला चालणार नाहीत. आणि दोघंतिघं माझ्या घराला जोडा. फोरमन नको.

खलास, म्हणून संग्रामने फाइल बंद केली, आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "वहिनी, उसळ उरली आहे का?"

विभावरीने आत जाऊन पोरीच्या मानेत तोंड खुपसलं. जड सामान खाली ठेवल्यावर दंड हलके होतात, तसं तिला झालं होतं. मग तिने फुजैराचा नंबर फिरवला. पहिल्या वेळी कुणी पठाण बोलला, दुसऱ्या वेळी शार्दूल. ती म्हणाली, तू आमच्या घराला जोडलेला आहेस. तो म्हणाला, म्हणजे काय? ती म्हणाली, म्हणजे काहीच नाही, आधीपासून होतास तसाच.

पाडव्याच्या कार्यक्रमाला हॉल फुलून गेला. काचेवरचा बोर्ड काढलेला होता. त्याच्या चिकटपट्टीच्या चार खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. खोतांच्या बसमधून आलेली मुलं इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभी होती, आणि सुहासिनी एकेकाला दंडाला धरून एकेका कुटुंबाच्या हवाली करत होती, बाजारात पोरं हरवू नयेत तशी. शार्दूल पुरणपोळ्यांचे डबे उचलत होता, कुणी सांगितलेलं नसताना.

गोपीनाथराव माइकवर आले. गुढीबद्दल बोलले, नव्या वर्षाबद्दल बोलले. मग कागद नसताना कागदात बघितल्यासारखं खाली बघितलं.

"संक्रांतीला मी इथून सांगितलं होतं की कमिटीने एकमताने ठरवलंय. ते खरं नव्हतं. कमिटीला मी विचारलंच नव्हतं. नंतर विचारलं. निर्णय झाला चार विरुद्ध तीन."

नऊ वर्षांत त्या माइकवरून असं वाक्य आलं नव्हतं. मग सोफ्याच्या खुर्चीतून खोत गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "त्या तिघांतला एक मी." लोक हसायला लागले, आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतून सुरू झाल्या. विभावरीने बघितलं, टाळ्या वाजवणारा पहिला हात संग्रामकाकांचा होता.

त्या रात्री दोन्ही बाल्कन्यांत पुन्हा चहाचे कप दिसले. चहावाल्याने वर बघून सलाम केला.

शनिवारी सकाळी घर रिकामं झालं. सविताबाई भाजीला गेल्या होत्या. विभावरी पोरीला तेल लावत होती, तेवढ्यात फोन वाजला. तेलकट हाताने, दोन बोटांत धरून तिने रिसीव्हर उचलला.

"हॅलो. मी गोपीनाथ पोतनीस बोलतोय."

"बाबा, मी विभावरी."

"माहीत आहे. तुझ्याकडेच काम होतं." मागे पॅकिंगच्या मशीनचा खडखडाट चालू होता. त्यांनी घसा साफ केला, आणि मग तसाच मोकळा सोडून दिला. "पोरीचं उष्टावण. कधी करायचं, घरी करायचं की फुजैराला समुद्रावर, खीर कसली, ते तू ठरव. मामाला सुट्टी कधी आहे ते आधी विचार."

"बरं," ती म्हणाली. तिला पुढे काही सुचेना. बाल्कनीत गेलेले संग्रामकाका तिला आठवले.

"आणि आणखी एक. तू तिला दुपारी दुसऱ्याच नावाने हाक मारतेस, असं ही सांगत होती."

तेलाचा एक थेंब मनगटावरून कोपराकडे निघाला होता. खाली दुपट्यावर पोरगी पाय झाडत होती, उघडीबोडकी, चमकणारी.

"आभा," विभावरी म्हणाली. मोठ्या माणसासमोर, उजेडात, पहिल्यांदा.

पलीकडे मशीन खडखडत राहिलं. बाबा घाईत नव्हते.

"आभा," त्यांनी म्हणून बघितलं. "मला पर्णिका आवडतं, ते मी सांगून ठेवतो. पण म्हटलं, विचारून घ्यावं."

"कुणाकुणाला विचारलंत, बाबा?"

"अजून कुणालाच नाही," ते म्हणाले. "तुझ्यापासून सुरुवात केली आहे."